जावयाचा फोन माझ्या मांडीवर

आधी कांताबाईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. कांताबाई म्हणजे माझ्या मनीषाची मोठी जाऊ. बालाघाट जिल्ह्यात लांजीच्या अलीकडं त्यांचं खेडं आहे. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते त्यांच्या लेखी काहीच नव्हतं, दिराची थट्टा केली एवढंच. पण त्या थट्टेमुळं माझी लेक धडपणी दवाखान्यात पोचली असं मी मानते, आणि कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा.

मी आजऱ्याकडची. सहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आता काजूच्या कारखान्यात काजू सोलते. परत आल्यावर कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, रोज डबा खाताना तुकड्यातुकड्यानं सांगतेस, मधेच भोंगा होतो, एकदा सगळं लिहून काढ. म्हणून बसले.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. पण मनीषाला डॉक्टरीणबाईंनी रेल्वेत बसायची मनाई केली होती. लेक येऊ शकत नाही तर आईनं जायचं, असं ठरलं. मी डिंकाचे लाडू केले, घरचा घनसाळ तांदूळ पिशवीत भरला, काजू घेतले आणि कोल्हापुरातून गाडीत बसले. रेल्वेचं काही सांगत नाही. बसायला जागा होती आणि मला झोप लागली नाही, एवढं पुरे.

गोंदिया ते लांजी

जावईबापू स्टेशनवर घ्यायला आले होते. तिकडं सासूला म्हणतात तसं मामीजी म्हणत वाकून नमस्कार केला, पिशव्या उचलल्या, चहा पाजला. स्वभावानं माणूस चांगला, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही. पुण्यात कंपनीत असताना त्यांची आणि मनीषाची ओळख झाली, लग्न झालं, मग ते नोकरी सोडून गावी परतले आणि धानाच्या दलालीत पडले. तिकडं भाताला धान म्हणतात. शेतकऱ्याकडचं धान गिरणीवाल्याला आणि गिरणीवाल्याचा शब्द शेतकऱ्याला पोचवायचा, असा तो धंदा. म्हणजे सगळा धंदा फोनवर.

गाडीत बसले तर समोरच्या काचेला एक चिमटा, त्यात फोन उभा केलेला, देव्हाऱ्यात देव ठेवावा तसा. गाडी स्टेशनच्या बाहेर निघते न निघते तोच देव वाजला.

"मामीजी, घाबरू नका," जावईबापू म्हणाले, "माझं एकदम सेफ असते. फोन हातात घेतच नाही मी."

खरंच घेत नव्हते. नुसतं एक बोट लावत होते. घ्यायला एकदा, ठेवायला एकदा, आवाज वाढवायला एकदा, कोण होतं ते बघायला एकदा. समोरून ट्रक येत होता तेव्हा ते बोट काचेवर होतं आणि डोळे बोटावर. मी माझी पिशवी छातीशी धरली, जसं काही तांदूळच मला वाचवणार होता.

मग त्यांना माझ्याकडं बघून काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कानात बोंडं घातली. म्हणाले, हे तर अजूनच सेफ. आता बोट लावायचंही कारण नव्हतं. दोन्ही हात चाकावर, डोळे रस्त्यावर. पण डोळे नुसते रस्त्याकडं होते, बघत काही नव्हते. तोंडानं कुणाशी तरी ओलाव्यावरून भांडण चाललेलं. धान ओलं आहे, नाही वाळलेलं आहे, तू हात घालून बघ, मी कालच बघितलं. आमगाव मागं पडलं, महाराष्ट्र संपला, पाट्या हिंदीत सुरू झाल्या, धानाची कापलेली रानं दोन्हीकडं, मधे मधे पळसाची झाडं, आणि जावईबापूंचा ओलावा काही वाळेना. शेवटी एका पुलावर आल्यावर ते एकदम गप्प झाले, इकडंतिकडं बघितलं, आणि गाडी वळवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही मामीजी. आपल्या गावचा फाटा मागं राहिला."

जो माणूस त्या फाट्यावर जन्मला, तिथूनच शाळेला गेला, त्याला कानातल्या बोंडापायी स्वतःचं गाव दिसलं नाही. आणि म्हणे सेफ.

जावयाला टोकायचं नाही, हे आमच्याकडं शिकवावं लागत नाही. जावई घरात आला की मोठी माणसंसुद्धा पाय आवरून बसतात. त्यात मी सासू, परक्या मुलखात, त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच घरी राहायला निघालेली. माझं एक बोलणं वाकडं गेलं तर त्याचं माप मनीषाच्या पदरात पडणार. तेव्हा तोंड मिटलं आणि डोळेही मिटले.

लांजीकडचं घर

घरात मनीषाची सासू, मोठा दीर, कांताबाई आणि त्यांची दोन मुलं. मनीषाला बघितलं आणि मला रडू आलं, तर तिची सासू म्हणाली, "रडू नका जी ईनबाई, पोट्टी तुमची चांगली गोल झाली हाय."

जेवायला चिनोर या तिकडच्या तांदळाचा भात होता. वाफेचा वास ओसरीपर्यंत. सोबत वांग्याची भाजी आणि लाखोरी नावाच्या कडधान्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, जी मी आधी कधी खाल्ली नव्हती आणि आता आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं. मी माझा घनसाळ पुढं केला. कांताबाईंनी मूठभर तळहातावर घेऊन वास घेतला, दोन दाणे चावले.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या, "आमच्या चिनोरच्या मांगं बसन."

"मागं का म्हणून?" मी म्हटलं.

"पाव्हणा हाय नं. पाव्हण्याले पुढं बसवलं तं घरच्याले राग येते."

अशा त्या कांताबाई. बोलताना तोंडावरची रेघ हलत नाही, समोरच्यानं हसावं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर लांजीच्या बाजाराला गेले. डिंक, वाळलेली मोहाची फुलं, रानातले आवळे, बांबूच्या टोपल्या, सगळं बघत होते, पण खरं सांगते, अर्धं लक्ष गाड्यांकडं. जावयाला एकट्यालाच काय बोलायचं, सगळ्या मुलखालाच तो आजार होता. म्हणजे आमच्याकडं नाही असं नाही, आजऱ्याच्या चौकातही हेच. पण आपल्या गावातलं वेड अंगवळणी पडतं, दुसऱ्याच्या गावातलं नजरेत भरतं. एक जण मोटारसायकलवर मान वाकडी करून, कान आणि खांदा यांच्यामधे फोन चिमटून चाललेला, जसा काही मानेला लकवा मारलाय. दुसऱ्यानं हेल्मेट घातलं होतं, म्हणून मला जरा बरं वाटलं, तर त्या हेल्मेटच्या आत गालाशी फोन कोंबलेला. डोकं वाचवायची वस्तू फोन धरायला. एक ट्रॅक्टरवाला धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढत फोन बिस्किटासारखा तोंडापुढं धरून ओरडत होता, कारण ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. काय बोलत होता म्हणाल, तर "हौ, हौ, येऊन राह्यलो, येऊन राह्यलो." अरे बाबा, येतोयस तर येच ना. पोचल्यावर दिसशीलच की.

रामपायली

मनीषाला नववा लागला होता. तारखेला अजून अवकाश होता. जावईबापूंना वारासिवनीकडं धानाचं काम निघालं, तर म्हणाले, "मामीजी, चला, रामपायलीला राममंदिर आहे, जवळच पडते, तुमचं दर्शन होईल." नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण जावई देवाला नेतो म्हणतो त्याला नाही कसं म्हणायचं? गेले.

मंदिर जुनं आहे, नदीच्या काठी, दगडी भिंतींचं. गाभाऱ्यात गारवा होता आणि वटवाघळाचा वास. भटजींनी तीर्थ दिलं. बाई लेकीच्या सुखरूप बाळंतपणासाठी हात जोडते, तसे मीही जोडले. पण रामाकडं मनापासून मागणं मागितलं ते वेगळंच होतं. म्हटलं, देवा, या माणसाचा फोन पाण्यात पडू दे.

पडला नाही. उलट परतीच्या वाटेवर जास्तच वाजला. कुणीतरी मोठा गिरणीवाला होता, जावईबापू त्याला सेठ म्हणत, त्याच्याशी सौदा अडकला होता. आता बोलणं बंद होऊन लिहिणं सुरू झालं. सेठ भाव लिहून पाठवणार, हे वाचणार आणि उलट पाठवणार. फोन चिमट्यातून निघून मांडीवर आला. "वाचण्यात काही आवाज नाही, त्रास नाही," असं म्हणाले. मला त्रास होऊ नये याचीच काळजी वाटली त्यांना.

तिकडं कापणीनंतर धान रस्त्यावरच वाळत घालतात. डांबर तापतं, धान लवकर सुकतं. अर्ध्या रस्त्यावर सोनेरी थर, आणि गाड्या त्यावर येऊ नयेत म्हणून कडेनं दगडांची ओळ. येणारीजाणारी वाहनं त्याला बाजू देतात, कुणी कटकट करत नाही. मला ती रीत आवडली होती. आमच्याकडं असं रस्त्यावर टाकायचं म्हटलं तर चार जणांशी भांडावं लागेल.

जावईबापूंना ती दगडांची ओळ दिसली नाही. मला दिसली. "अहो," असं तोंडातून निघालं, पुढचं निघालं नाही. खालून दगड लागला, खाडकन आवाज झाला, गाडी धानावर चढली आणि वाळूवर पाय सरकावा तशी सरकत गेली. पुढचं चाक चराच्या कडेला जाऊन थांबलं. माझी पिशवी पायाशी पडून प्रसादाचा नारळ बाहेर घरंगळला.

एक म्हातारी धान ओढायचं लाकडी फावडं आणि झाडू घेऊन आली. "डोये फुटले का रे तुहे?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, जसं काही खरंच जाणून घ्यायचं होतं.

जावईबापू उतरले, माफी मागितली, तिच्याकडून झाडू घेतला आणि उडालेलं धान गोळा करायला लागले. मला बरं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं झाडू चालू ठेवला. "नहीं सेठजी, कुछ नहीं हुआ, आप बोलिए."

म्हातारी माझ्याजवळ आली. "पोरगा का तुमचा?"

"जावई."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. "मंग तं तुमाले बोलता येत नाही," ती म्हणाली, आणि झाडू काढून घेऊन स्वतःच झाडायला लागली.

कांताबाईंची चूल

घरी कुणाला काही सांगितलं नाही. जावईबापूंनीही सांगितलं नाही. पण गाडीचा खालचा पत्रा घासत होता आणि धानाचे दाणे चाकाच्या खोबणीत अडकले होते. कांताबाईंनी ते बघितलं. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, त्या शेकत होत्या.

"कोणाचं धान खाल्लं जी आमच्या गाडीनं?"

मग मी सगळं सांगितलं. बोलता बोलता लाटणं थांबलं. म्हटलं, मला माझं काही नाही. पण आज ना उद्या मनीषाला याच गाडीतून बालाघाटच्या दवाखान्यात न्यायचं आहे. इतका लांबचा रस्ता. गाडी दारात आहे, ती चालवणारा तिचा नवरा, दुसऱ्या कुणाची गाडी करा म्हणावं तर त्यांचा अपमान. आणि तो फोन सुटणार नाही. मी मागं बसून काय करू? डोळे मिटू?

कांताबाईंनी पोळी उलटली. "तुमचं नातं आदराचं हाय, तुमी त्याले टोकू शकत नाही. सासूबाई माय हाय, तिचं तो आयकत नाही. मनीषा बायको हाय, तिले तो म्हणते, तुले धंदा समजत नाही."

"मग?"

"मी वयनी हाय. माह्यं नातं थट्टेचं. मी त्याच्या लग्नात त्याले चिखलात लोळवलं होतं, तवा कोणी मले काही म्हटलं नाही. आता काहून म्हणतीन?"

मी म्हटलं, थट्टेनं काय होणार. त्या म्हणाल्या, पाहू.

बालाघाटचा रस्ता

वेळ तारखेच्या आधीच आली. सकाळी मनीषाच्या कमरेत कळा सुरू झाल्या. पिशव्या भरून तयार होत्या. मी आणि मनीषा मागं बसलो. जावईबापू चाकावर. शेजारच्या सीटवर मनीषाची सासू बसणार होती, तर कांताबाईंनी तिला म्हटलं, "तुमी घरी दिवा लावा," आणि स्वतः चढल्या. चढल्याबरोबर चिमट्यातला फोन काढून मांडीवर घेतला आणि त्यावर पदर टाकला.

"वयनी, काय करता?"

"तुह्या फोनले थंडी वाजून राह्यली. चाल."

फाट्यावर पोचायच्या आत वाजला. कांताबाईंनी पदराखालून काढला आणि उचलला. पलीकडं जावईबापूंचा कुणी मित्र होता, आवाज मागंपर्यंत येत होता. भाऊ कुठं आहे म्हणून विचारत होता.

"भाऊ गाडी चालवून राह्यला. मी त्याची वयनी बोलते. काय काम होतं?"

"काही नाही वयनी, असंच."

"असंच तं मंग सांजेले कर. सांजेले तो रिकामा असते. सकाळीबी रिकामाच असते, पण तवा त्याले वाटते आपण कामात हावो."

जावईबापूंचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मनीषा कळ दाबून हसली. थोड्या वेळानं दुसरा, हिंदीत, चिनोरचा आज काय भाव म्हणून.

"भाई गाड़ी चला रहे हैं," कांताबाई म्हणाल्या. "भाव वही है जो कल था. कल रात को नींद आई थी ना? तो आज भी आएगी."

"वयनी, धंदा बुडवता तुमी माझा," जावईबापू म्हणाले.

"धंदा बुडला तं पुन्हा काढता येते. तू चरात गेला तं मले रडा लागन, आन मले रडणं जमत नाही. लोकं नावं ठेवतीन."

फोन वाजत होता, त्या बोलत होत्या, आणि मी हळूहळू पाठ टेकली. गाडी चालवताना फोन सुरक्षित कसा वापरावा, हे मला आता कुणी विचारलं तर मी सांगेन. चिमटा नाही, बोंडं नाही, वाचणं नाही. फोन दुसऱ्याच्या मांडीवर द्यावा, आणि ते दुसरं माणूस असं असावं की ज्याला तुमची भीडभाड नाही.

किरनापूरच्या पुढं मात्र मनीषाच्या कळा वाढल्या. ती माझा हात इतका आवळायला लागली की बांगडी रुतली. आणि खरं सांगायचं तर मीच हातपाय गाळले. माझं एकच बाळंतपण, तेही विसरलेलं. कांताबाईंनी मागं वळून एकदा माझं तोंड बघितलं आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"ईनबाई, तुमी पुढं या. मी मांगं बसते. माह्ये दोन झाले हायत, मले समजते कवा घाबराचं."

जागा बदलल्या. कांताबाईंनी मनीषाचं डोकं मांडीवर घेतलं. आणि फोन माझ्या मांडीवर आला. मी त्यावर पदर टाकला, त्यांनी टाकला होता तसाच. मनात म्हटलं, आता वाजू नकोस.

वाजला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. जावईबापूंनी पदराकडं बघितलं. "सेठचा असेल. सौदा आजच तुटणार. मामीजी, जरा द्या, एकच मिनट." आणि त्यांनी चाकावरचा हात काढून माझ्यापुढं पसरला.

जावयानं हात पुढं केला आणि सासूनं दिलं नाही, असं माझ्या सात पिढ्यांत झालेलं नाही. मी फोन काढला. हातावर ठेवायला निघालेच होते. मागून मनीषा "आई गं" म्हणाली, मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं. मी हिरवं दाबलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

"हाँ देवेंद्र, बोल, आखिर क्या करना है?"

"देवेंद्रराव नहीं," मी म्हटलं. माझं हिंदी टीव्हीतलं, तेही घाबरलेलं. "मैं उनकी सास बोल रही. वो गाड़ी चला रहे. मेरी लड़की पीछे है, उसको बच्चा होने का है, दवाखाने ले जा रहे."

"अच्छा अच्छा. एक मिनट दो उसको, माँजी."

"एक मिनट भी नहीं देती," मी म्हटलं. ते वाक्य माझंच होतं का, असं मला वाटलं. पण एकदा दार उघडलं ते उघडलं. "वो फोन पर बोलते तो उनको रास्ता नहीं दिखता. खुद का गाँव नहीं दिखा. रामपायली के रास्ते पर लोगों के धान पर गाड़ी चढ़ाई, तुमसे ही बोल रहे थे. मैं सास है, मैं उनको बोल नहीं सकती. इसलिए तुमको बोलती."

जावईबापूंचा पसरलेला हात तसाच होता. पलीकडून जोराचा हॉर्न ऐकू आला, आणि सेठ म्हणाले, "एक सेकंड माँजी, आगे ट्रक आ गया."

"तुम भी गाड़ी चला रहे?"

"हाँ, वो गोंदिया जा रहा था, तो..."

म्हणजे इतके दिवस हे दोघं, एक इकडं चाकावर आणि एक तिकडं चाकावर, धान वाळलं की ओलं ते ठरवत होते. मला भीती वाटायची थांबली आणि किळस आली.

"फिर पहले गाड़ी बाजू में लगाओ," मी म्हटलं. "तुम्हारी भी कोई सास होगी."

पलीकडून "जी" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

जावईबापूंचा हात चाकावर परत गेला. मागून कांताबाईंचा आवाज आला, "आयकलं का रे? का पुन्हा लावून देऊ?" आणि मनीषा हसायला लागली, हसताना कळ आली, कळ येताना पुन्हा हसू, माझा पदर डोळ्यांना लावायला मला हात मोकळा नव्हता.

थोडं पुढं गेल्यावर एक मोटारसायकलवाला रस्त्याच्या अगदी मधून, मान वाकडी करून चाललेला. हॉर्न दिला तरी ऐकेना. जावईबापूंनी गाडी हळू केली, पूर्ण हळू, आणि जागा मिळेपर्यंत त्याच्या मागं चालत राहिले. शेजारून जाताना म्हणाले, "आंधळा आहे का हा?"

मागून कांताबाई नुसत्या खोकल्या.

बालाघाट

मुलगी झाली. दोघी सुखरूप. जावईबापू दवाखान्याच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे राहून ज्याला त्याला फोन करत होते, रडत होते, पेढे सांगत होते. पाय जमिनीवर, चाक कुठं नाही. अर्धा तास बोलले तरी मला राग आला नाही. फोन यासाठीच असतो की. सेठच्या सौद्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी कांताबाई मला वैनगंगा दाखवायला घेऊन गेल्या. ऑटो केला तर ऑटोवाल्यानं हँडलला फोन बांधून नाचगाणं लावलेलं. कांताबाईंनी त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "बाबू, ये नाच हम देख लेंगे, तू रास्ता देख." त्यानं बंद केलं, तोंड मात्र वाकडं केलं. तोंड वाकडं केलेलं चालतं.

पुलाजवळ उतरून आम्ही पाण्याकडं बघत उभ्या राहिलो. पाणी संथ होतं, पलीकडं बायका धुणं वाळत घालत होत्या. मी कांताबाईंचा हात धरला. आभार कसे मानायचे ते मला येत नाही, आमच्यात मानायची रीत नाही, म्हणून नुसताच धरला. त्या म्हणाल्या, "समुद्र असाच असते का जी, फक्त मोठा?"

"तुम्ही बघितला नाही?"

"कोण नेईन? इथं तं सगळे धानातच बुडले हायत."

आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरला की वेंगुर्ला. सकाळी निघालं तर दुपारचा मासळीभात समुद्राकाठी. मी दोनतीनदा गेले आहे. त्यांना ते सांगितलं, तर त्यांनी तोंडावरची रेघ न हलवता विचारलं, "भात कोणता, घनसाळ?"

परत निघाले तेव्हा जावईबापूच गोंदियाला सोडायला आले. गाडीत बसल्यावर त्यांनी चिमट्यातला फोन काढला आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवला. सुधारले असं मी लिहिणार नाही. मनीषा सांगते, कांताबाई गाडीत नसल्या की तो देव पुन्हा देव्हाऱ्यात जातो. म्हणून मी त्यांना फोन करायचा असला की आधी मनीषाला विचारते, ते घरात आहेत का. मी आई आहे, माझ्यापासून निदान एक फोन कमी.

चिनोरची पिशवी कांताबाईंनी दिली ती अजून उघडलेली नाही. त्या येतील तेव्हा उघडणार. कांताबाई, तुम्हाला समुद्र दाखवायचा आहे, हे मी इथं लिहून ठेवते. गाडी कुणाचीही असो, चालवणारा कुणीही असो, तुम्ही खिडकीशी बसून घाट बघायचा. फोन माझ्या मांडीवर असेल. वाजला तर मी बोलेन.